कोल्हापूरच्या उन्हात डोळे कसे सांभाळायचे, आणि ऊन अंगावर कधी घ्यायचं

रंकाळा तलावावर सकाळी चालायला येणाऱ्या अनेकांचा पक्का समज असतो की सात-साडेसातचं कोवळं ऊन अंगावर घेतलं की ड जीवनसत्त्वाची सोय झाली. त्याच घरातल्या शाळकरी पोराला मात्र ‘उन्हात जाऊ नको, डोळे बिघडतील’ म्हणत अंधार पडेपर्यंत आत बसवलेलं असतं. दोन्हीकडे गल्लत एकच आहे. सूर्याकडून उजेड येतो आणि अतिनील किरणही येतात. या दोन गोष्टींची शरीरातली कामं वेगळी आणि दिवसातल्या वेळाही वेगळ्या. डोळ्याला भरपूर उजेड लागतो, अतिनील किरण मात्र त्याला सोसत नाहीत. ड जीवनसत्त्व तयार करायला त्वचेला अतिनील किरणच लागतात, नुसत्या उजेडावर तिचं भागत नाही. म्हणून सकाळचा उजेड डोळ्यांसाठी, डोक्यावरचं थोडं ऊन हातापायांसाठी आणि तिरपं ऊन समोरून आलं की गॉगल, अशी वाटणी करावी. पुढचं सगळं या वाटणीचा तपशील आहे.

घड्याळाआधी सावली बघा

‘दहा ते चार ऊन टाळा’ हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो. कोल्हापूरला तो नीट बसत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते आणि कोल्हापूर आहे साधारण ७४.२ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटं मागे चालतो. त्यामुळे इथे तो माथ्यावर येतो तो बाराला नाही, तर ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण या दरम्यान.

त्यापेक्षा सोपं माप आपल्या पायाशीच असतं. सपाट जागी उभं राहून स्वतःची सावली बघा. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि त्वचा भाजणारे किरण कमी आहेत. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ते जोरात आहेत. निरभ्र आकाश असताना कोल्हापुरात मे महिन्यात ही आखूड सावली साधारण सकाळी ९.२० पासून दुपारी ३.४० पर्यंत असते. डिसेंबरात ती जेमतेम ११ ते १.५० एवढीच. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली दिसेनाशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तेच होतं, पण तेव्हा ढगांमुळे ते सहसा दिसत नाही.

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांच्या जोराचा आकडा, दिलेला असतो. २ पर्यंत सौम्य, ३ पासून काळजी घ्यायची, ८ च्या वर फार जोराचा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी इथे तो ११ च्या वर जातो. गारवा आहे म्हणून ऊन सौम्य, हा अंदाज मात्र चुकतो. गारवा हवेचा असतो, अतिनील किरण त्वचेला जाणवत नाहीत. पन्हाळ्यावर वारा सुटलेला असतानाही दुपारी चेहरा रापतो तो यामुळेच. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात.

सकाळचा उजेड

डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय काही वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्या चित्र बनवत नाहीत, मेंदूतल्या मुख्य घड्याळाला ‘दिवस उजाडला’ एवढंच कळवतात. त्या निरोपावर रात्री झोप आणणारं मेलाटोनिन कधी सुटायचं ते ठरतं. सकाळी उजेड कमी मिळाला की रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी अंग जड राहतं.

या पेशींना घरातला दिवा पुरत नाही. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार, उघड्या आकाशाखाली दहा हजारांच्या पुढे आणि भर उन्हात लाखाच्या घरात. डोळा अंधार-उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो की हा शंभरपट फरक आपल्याला जाणवतच नाही. म्हणून ‘घरात चांगला उजेड आहे की’ असं वाटत राहतं.

करायचं एवढंच. उठल्यापासून तासाभरात बाहेर पडा. आकाश स्वच्छ असेल तर २० ते ३० मिनिटं, दाट ढग असतील तर ४५ मिनिटं ते तासभर. रंकाळ्याची फेरी, विद्यापीठाचा परिसर, गच्ची, अंगण, काहीही चालेल. चहाचा कप घेऊन उघड्या गॅलरीत बसलात तरी चालेल, पण काच लावलेल्या गॅलरीत उजेड कमी होतो. नंबरचा चष्मा असू द्या, गॉगल नको. सूर्याकडे बघायचं नाही. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवून आकाश, झाडं, पाणी बघत चालायचं. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो, मेच्या अखेरीस सहाच्या सुमारास. हिवाळ्यात पाचला निघून साडेसहाला घरी परतणारे अंधारात चालून येतात. व्यायाम होतो, उजेड मिळत नाही. अशांनी फेरी तासभर तरी पुढे ढकलावी, किंवा परत आल्यावर पेपर गच्चीवर वाचावा.

युरोपातल्या लेखांत हिवाळ्यातल्या उदासीची चर्चा असते. आपल्याकडे उजेडाचा दुष्काळ पडतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. झड लागली की कोल्हापूर आठ-आठ दिवस करडं असतं, गगनबावड्याकडे तर त्याहून जास्त. अशा दिवसांत कामाची खुर्ची खिडकीपासून हातभर अंतरावर आणा, दिवसा पडदे पूर्ण सरकवून ठेवा आणि उघडीप मिळाली की दहा मिनिटं तरी बाहेर जा. छत्री घेऊन पावसात चाललं तरी घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो. संध्याकाळी उलटं करायचं: झोपण्याआधी दोन तास मोठे पांढरे दिवे बंद, एखादा पिवळसर दिवा पुरे. उदासी, झोपमोड, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर मात्र उजेडाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना भेटा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीत काम करणाऱ्यांना हे सगळं फिरवून घ्यावं लागतं. सकाळी सुटल्यावर घरी येताना गॉगल लावा, म्हणजे मेंदूला ‘दिवस सुरू झाला’ हा निरोप जात नाही. घरी आल्यावर जाड पडदे ओढून झोपा. डोळ्यांवर झापड असेल तर गाडी चालवू नका, कारण गडद काचांमागे ती आणखी वाढते. भरपूर उजेड पाळीवर जाण्याआधी, संध्याकाळी उठल्यावर घ्या.

मुलांचा चष्मा आणि मैदान

या विषयात सगळ्यांत जास्त फायदा पदरात पडतो तो इथे. जन्मतः बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी सुमारे २४. वाढताना तो गरजेपेक्षा लांबला की लांबचं धूसर दिसतं आणि मायनसचा नंबर लागतो. एक मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे जवळजवळ अडीच ते तीन नंबर. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामाइन नावाचं रसायन सुटतं आणि ते ही लांबण रोखतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसतं. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून जे करायचं ते नंबर लागण्याआधी.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन वर्षांनी त्यांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनसचा नंबर लागला होता. ज्या शाळांत असा तास नव्हता तिथे ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं बाहेर राहण्याचा कार्यक्रम राबवला. दोन तास हे उद्दिष्ट म्हणूनच सांगितलं जातं.

दोन तास ऐकून पालक दचकतात, पण ते एकदम द्यायचे नसतात. शाळेत चालत जाऊन-येऊन अर्धा तास. मधल्या सुट्टीत डबा वर्गात न खाता पटांगणातल्या झाडाखाली, तो अर्धा तास. संध्याकाळी गल्लीत किंवा मैदानावर एक तास. झाले दोन. झाडाची सावली चालते, टोपी चालते, गॉगलही चालतो, कारण तरीही डोळ्यात पोचणारा उजेड वर्गापेक्षा जास्तच असतो. भर उन्हात पोळायची काहीच गरज नाही. मे महिन्यात खेळ सकाळी सव्वानऊच्या आत आणि दुपारी चारनंतर ठेवा, मधला वेळ सावलीत.

गाडी अडते ती इथे. रिक्षातून शाळा, शाळेतून क्लास, क्लासमधून घर. सात वाजता मूल मोकळं होतं तेव्हा सूर्य गेलेला असतो. संध्याकाळचा क्लास तासभर उशिरा घेता येतो का, हे चार पालकांनी मिळून विचारलं तर बहुतेक ठिकाणी जमतं. हॉलमधलं बॅडमिंटन, छताखालची तालीम, मॉलमधला गेम झोन या हिशेबात धरू नका. व्यायाम म्हणून ते उत्तम, पण तिथे उजेड खोलीएवढाच. आणि आठवडाभर घरात, रविवारी सहा तास ज्योतिबाच्या डोंगरावर, असं करून भरपाई होत नाही. रोजचा थोडा उजेड जास्त उपयोगी.

नंबर आधीच लागला असेल तर नुसत्या मैदानाने तो वाढायचा थांबेल अशी खात्री देता येत नाही. बाहेरचा वेळ चालू ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांना कमी मात्रेच्या ॲट्रोपिन थेंबांबद्दल व नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या खास काचांबद्दल विचारा. वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली तपासणी आणि नंतर दरवर्षी एक, हा क्रम मोडू नका. मूल टीव्हीच्या जवळ सरकतं, डोळे बारीक करून बघतं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, यातलं काही दिसलं तर वर्षाची वाट बघू नका. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालण्याआधी त्या पैशात चेंडू घ्यावा, असं आमचं मत आहे. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा शीण त्या चष्म्याने कमी होतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन

आता कोवळ्या उन्हाची गोष्ट. त्वचेत ड जीवनसत्त्व बनवतात ते अतिनील ब किरण. सूर्य खाली असताना ते वातावरणात फार लांबचा तिरपा प्रवास करून येतात आणि ओझोन त्यांना वाटेतच शोषून घेतो. जानेवारीत साडेसातला इथे सूर्य क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश वर असतो. त्या उन्हात ऊब आहे, उजेड आहे, ड जीवनसत्त्व जवळजवळ नाही. ते मिळतं सावली आखूड झाल्यावरच. आपलं भाग्य असं की कोल्हापुरात डिसेंबरातही दुपारी सूर्य ५० अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे आकाश मोकळं असेल तर बाराही महिने ते मिळवता येतं.

गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या निरोगी माणसाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ११.३० ते १.३० च्या दरम्यान २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा ऊन घ्यावं. बाह्या कोपराच्या वर, पायजमा गुडघ्यापर्यंत, डोक्यावर टोपी किंवा टॉवेल, तोंड सावलीत, डोळ्यांवर गॉगल. मार्च ते मेमध्ये पावणेदहा-दहाच्या सुमारास १० ते १५ मिनिटं पुरेत, भर दुपारी जाऊ नका. पावसाळ्यात उघडीप मिळेल तशी. त्वचा गडद असेल तर वेळ थोडा वाढवा. लाल व्हायला किंवा चुरचुरायला लागण्याआधी सावलीत या. ठरावीक वेळानंतर त्वचेतलं कच्चं द्रव्य निरुपयोगी रूपात बदलत राहतं, त्यामुळे तासभर तळून काही जास्त मिळत नाही. डोळ्यांतून हे जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून ते झाकल्याने नुकसान शून्य.

काचेमागे बसून उपयोग नाही. साधी काच अतिनील ब अडवते आणि अ आत येऊ देते, म्हणजे फायदा बाहेर राहतो आणि त्वचा रापायची ती रापते. सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून रोज गाडीवरून ऊन खाणाऱ्या आपल्या बायकांच्या रक्तात ड कमी निघतं याचं कारणही हेच: ऊन कापडावर पडतं.

जेवणातून ते फारसं मिळत नाही. अंड्याचा पिवळा बलक, मासे, मुद्दाम ड मिसळलेलं दूध एवढीच यादी. थकवा, पाठ-पिंढऱ्या दुखणं असेल तर रक्ततपासणी करा. २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर गोळ्या देतात. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्याला एक, ठरावीक आठवड्यांपुरती असते. ती स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, मुतखडा आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उन्हाने भडकणारे ल्युपससारखे आजार असलेल्यांनी, किंवा डॉक्सीसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन, हायड्रोक्लोरोथायझाइड, अमिओडारोन यांपैकी औषध चालू असलेल्यांनी ऊन घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. या औषधांवर त्वचा लवकर भाजते.

तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची पद्धत घरोघर आहे. ऊब म्हणून पाच-दहा मिनिटं धरा, तोंड सावलीकडे वळवून. त्यातून बाळाची ड ची गरज भागते असं मात्र धरू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब लागतात, ते बालरोगतज्ज्ञ लिहून देतात. आणि बाळ पिवळं दिसत असेल तर उन्हात ठेवून बघत बसू नका, दवाखान्यात न्या.

डोळ्यात जाणारं ऊन तिरपं असतं

भर दुपारी कपाळ, भुवया आणि पापण्या डोळ्यावर छत धरतात. सूर्य ४० अंशांच्या आसपास किंवा खाली आला की ते छत निकामी होतं आणि किरण समोरून, बाजूने आत शिरतात. म्हणजे त्वचेला जी वेळ सौम्य, ती डोळ्याला नेहमीच सौम्य नसते. सूर्य किती आडवा येऊ शकतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव त्याच आडव्या किरणांचा. जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात.

वर्षानुवर्षं असं ऊन डोळ्यात गेल्याने दोन गोष्टी होतात. बुबुळाच्या कडेवर मांसाचा पातळ पडदा वाढतो, त्याला आपण वडस म्हणतो. तो बहुतेक वेळा नाकाच्या बाजूनेच का येतो? कानाच्या बाजूने शिरलेले किरण डोळ्याच्या गोलाईमुळे वळून बरोबर नाकाकडच्या कडेवर एकवटतात म्हणून. दुसरा मोतीबिंदू. तो वयाने येतोच, पण ऊन त्याला हातभार लावतं.

कोल्हापुरातून इचलकरंजीला किंवा शिरोलीला कामाला जाणाऱ्यांच्या वाट्याला हे दुहेरी येतं. सकाळी पूर्वेला जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी पश्चिमेला परततानाही तोंडावर. त्यांनी गॉगलबाबत कंजूषी करू नये. टू-व्हीलरवर हेल्मेटची स्वच्छ पारदर्शक काचही चांगली ढाल आहे. पॉलिकार्बोनेट मुळातच अतिनील किरण अडवतं आणि धूळ-वारा रोखून डोळे कोरडे पडू देत नाही. मात्र काच चरे पडलेली असली तर समोरच्या उन्हात सगळा रस्ता पांढरा होतो. ती बदला, कोरड्या फडक्याने घासू नका, आधी पाण्याने धूळ धुवा.

गॉगल घेताना:

- काचेवर किंवा पट्टीवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं हवं. लेबल खोटंही असू शकतं, म्हणून चष्म्याच्या दुकानात यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असेल तर त्यावर तपासून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम.
- काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. संरक्षण नसलेल्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. ते न लावण्यापेक्षा वाईट.
- पोलराइज्ड काच डांबरावरचा, पाण्यावरचा चकाकाट मारते. अतिनील किरणांशी तिचा संबंध नाही. मोबाइल आणि गाडीचा डिजिटल डिस्प्ले तिच्यातून काळपट दिसू शकतो.
- गाडीसाठी काळेपणा श्रेणी ३ पर्यंत, श्रेणी ४ चालवताना नको. रंग राखाडी किंवा तपकिरी, म्हणजे सिग्नलचे रंग बदलत नाहीत. रात्री कुठलाच गॉगल नको, पिवळाही नको.
- आकार कानापर्यंत वळलेला, कडा रुंद. छोट्या गोल काचा शोभेच्या, बाजूचं ऊन त्या अडवत नाहीत.
- गॉगल हातभर लांब धरून काचेतून दाराची चौकट बघत हलवा. रेघ लाटेसारखी वाकली तर काच सदोष आहे, डोकं दुखेल.

नंबर असेल तर त्याच नंबरचा गॉगल करून घ्या. काठ सात-आठ सेंटिमीटर असलेली टोपी घातली तर डोळ्यावर येणारं ऊन बरंच कमी होतं. क्रिकेटची टोपी फक्त पुढून काम करते.

रानात आणि कारखान्यात

ऊसतोड आणि पाचट काढताना ऊन हा धोक्याचा अर्धा भाग, उसाचं पातं हा दुसरा. पात्याची धार बुबुळावर बारीकसा चरा पाडते आणि त्यातून बुरशी आत शिरते. चार दिवसांनी तिथे पांढरा ठिपका दिसायला लागतो आणि तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दोन्हींवर उपाय एकच: पॉलिकार्बोनेटचा, बाजूने झाकलेला, पारदर्शक किंवा फिकट रंगाचा सेफ्टी गॉगल. हार्डवेअरच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. वाफ धरू नये म्हणून हवेची छिद्रं असलेला बघा, नाहीतर घामाने धूसर होतो आणि माणूस तो कपाळावर चढवतो. पातं लागलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, दूध, मध, झाडपाल्याचा रस घालू नका. उरलेले जुने थेंब तर मुळीच नको. स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली दोन दिवस जाते आणि बुरशी खाली फोफावते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

उद्यमनगरात, फाउंड्रीत, ग्रिलच्या दुकानात वेल्डिंगचा आर्क म्हणजे हातभर अंतरावरचा अतिनील किरणांचा झरा. क्षणभर डोळा लागला तर तेव्हा काहीच होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेक मध्यरात्री, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, दिवा सोसत नाही. बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो. कामाच्या अँपिअरप्रमाणे १० ते १२ नंबरची काच असलेलं हेल्मेट वापरा. हेल्परला आणि शेजारच्या बाकावरच्या माणसालाही तेवढाच धोका असतो, म्हणून मध्ये पडदा लावा. लागलंच तर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडा, वरून गार पट्टी ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. बधिर करणारे थेंब घरी आणून घालत राहू नका; वेदना जाते, पण जखम भरत नाही आणि बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं.

सूर्याकडे बघणं

उगवत्या सूर्याकडे टक लावल्याने नजर सुधारते, चष्मा जातो, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. त्यांवर विश्वास ठेवू नका. डोळ्याचं भिंग सूर्याचा उजेड पडद्याच्या मधोमध, वाचायला लागणाऱ्या नेमक्या जागेवर एकवटतं. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसतो, सरळ रेघ वाकडी दिसते. त्यावर खात्रीचा उपचार नाही. काहींची नजर काही महिन्यांत बरीचशी परत येते, काहींचा डाग राहतो. सूर्यनमस्कार घाला, अर्घ्य द्या. नजर पाण्याच्या धारेवर किंवा हातांवर असू द्या. त्राटक करायचं तर ते सूर्यावर नको.

ग्रहणाच्या वेळी हा धोका वाढतो, कारण सूर्य झाकला गेल्याने डोळे दिपत नाहीत आणि माणूस बघत राहतो. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळच्या सुमारास पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण आहे. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब यांतलं काहीही सुरक्षित नाही. आयएसओ १२३१२-२ असं छापलेला ग्रहणाचा चष्मा, तोही चरा नसलेला, किंवा पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून भिंतीवर पडणारी सूर्याची प्रतिमा बघणं, एवढंच ठीक. चाळणीतून जमिनीवर पडणारी डझनभर छोटी ग्रहणं मुलांना फार आवडतात.

उन्हाळ्यातली खाज

मार्च उजाडला की काही मुलं डोळे चोळून लाल करतात. उजेड सोसत नाही, चिकट तारेसारखा स्राव येतो, पापणीच्या आत खडबडीत होतं. ही ॲलर्जी आहे, ऊन आणि धुळीने ती भडकते. टोपी, बाजूने झाकणारा गॉगल, दिवसातून चार वेळा गार पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब यांवर ती काबूत राहते. चोळणं थांबवणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण वर्षानुवर्षं चोळल्याने बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं. आम्हाला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणलेल्या स्टिरॉइड थेंबांची. खाज तासाभरात थांबते म्हणून ते महिनोन्‌महिने चालतात, डोळ्यातला दाब गुपचूप वाढतो आणि शाळकरी वयात काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. घरात थेंबांची बाटली असेल तर आताच तिच्यावरचं नाव वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही असेल आणि ते डॉक्टरांच्या नजरेखाली चालू नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन डोळ्याचा दाब मोजून घ्या. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, नेत्रविभागातही दाखवता येईल.

तपासणीला जाताना सोबत कुणाला तरी घेऊन जा आणि गॉगल बरोबर ठेवा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि दुपारचं ऊन सोसत नाही, त्यामुळे परतताना गाडी तुम्ही चालवायची नाही.